केसभर आत

अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणायचं, मधे जेमतेम उजेड जाईल एवढी फट ठेवायची, डावा डोळा मिटायचा आणि त्या फटीतून समोरच्या माणसाकडे बघत म्हणायचं, "केसभर आत." ही आमच्या शेजारच्या काकूंची सवय. भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली तरी केसभर, आमटीत मीठ कमी पडलं तरी केसभर, माझ्या नवऱ्याने गाडी जरा रस्त्यात लावली तरी "केसभर आत घे रे." पहिल्या भेटीत मला वाटलं, बाई शिवणकाम करत असणार, किंवा दागिने घडवत असणार. त्या घरी बसून रायफलची काडतुसं भरतात हे मला कळलं तेव्हा माझ्या हातात त्यांनीच दिलेली करंजी होती, आणि ती मी बराच वेळ नुसतीच धरून बसले होते.

तुम्ही परदेशात राहिला असाल तर तुमच्याही गावात एक काकू असतीलच. कढीपत्ता कुठल्या दुकानात येतो, खेमेएन्टेत, म्हणजे नगरपालिकेत, कुठल्या खिडकीवरची बाई बरी आहे, हाउसआर्ट्सला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, फोनवर काय सांगितलं की तो पॅरासिटामॉलवर न भागवता खरंच बोलावतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. न्यूनेन या डच गावात आमच्या गल्लीत हे काम आमच्या काकू करायच्या. एकाला एक चिकटलेली घरं, मागे छोटी बाग, दोन बागांमध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण. मी डिपेंडंट व्हिसावर आले, दोन वर्षं घरात बसून कंटाळले, मग सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी धरली. त्या दोन वर्षांत काकू नसत्या तर मी नवऱ्याचं डोकं खाऊन संपवलं असतं.

काका एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून फार पूर्वी इथे आले आणि इथेच निवृत्त झाले. काकूंनी पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत रायफल हातात घेतली होती. लग्न झालं, ती सुटली. इथे आल्यावर कुणीतरी त्यांना शूटिंग क्लबात नेलं आणि त्या तिथल्याच होऊन गेल्या. पंजाबी ड्रेस, वर जाड स्वेटर, कानावर इअरमफ, आणि हातात त्यांच्या उंचीला न शोभणारी रायफल. शुद्ध शाकाहारी बाई. घरात कोळी निघाला तर त्याला पोस्टकार्डावर बसवून बागेत सोडून येणारी. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "काकू, हिंसा कशी काय चालते तुम्हाला?" तर म्हणाल्या, "मी मुंगी मारत नाही. मी कागद मारते."

काडतूस म्हणजे काय, हे मला त्यांनी जेवणाच्या टेबलावर शिकवलं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली, पोटात बंदुकीची दारू, आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. आपण सरसकट सगळ्यालाच गोळी म्हणतो ते त्यांना अजिबात खपायचं नाही. आणि या सगळ्या खेळाचा जीव कशात, तर गोळी पुंगळीच्या तोंडात किती आत बसवायची यात. बंदुकीच्या नळीला आतून पीळ असतात. गोळी सुटली की पुढे जाऊन त्या पिळांना भिडते आणि गरगरत बाहेर पडते. ती आत किती बसवली आहे यावर ठरतं की पिळांपर्यंत पोचायला तिला किती अंतर जावं लागणार. ते अंतर जमलं तर पाचही गोळ्या कागदावर जवळपास एकाच भोकातून जातात. नाही जमलं तर तीच गोळी, तीच दारू, तोच हात, आणि कागदाला कांजिण्या.

"मग किती आत बसवायची ते पुस्तकात लिहिलेलं नसतं?" मी विचारलं.

"पुस्तकात सुरुवात असते. पुढचं रायफलला विचारायचं."

"म्हणजे कसं?"

"थोड्या थोड्या फरकाने भरायच्या, क्लबच्या रेंजवर जाऊन उडवायच्या, कागद बघायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कळलं? दारू तेवढीच, टिकली तीच, हात तोच. फक्त गोळीची खोली बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्यास ना, तर आयुष्यभर कळायचं नाही कशामुळे काय झालं."

मला त्यांना मिठीच मारावीशी वाटली. ऑफिसात मी हेच घसा फोडून सांगत असते आणि कुणी ऐकत नाही.

काकू भरायला बसल्या की घराला शिस्त लागायची. गॅस बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि ज्योत म्हणून कुठे लावायची नाही. पंचाईत काकांची व्हायची. त्यांचा देवापुढे दिवा लावायचा वेळ आणि काकूंचा टेबल मांडायचा वेळ नेमका एकच. काका बिचारे हातात काडेपेटी घेऊन दारात उभे. मला बघितलं की म्हणायचे, "बघ गं जरा, तिचं आटपलं का. देव खोळंबलेत." आतून आवाज यायचा, "थांबू देत. त्यांना कुठे जायचंय?" मग दारूचा डबा बंद होऊन कपाटात जायचा, कुलपाचा आवाज यायचा, आणि काका दिवा लावायचे. काका काकूंच्या या नादाविरुद्ध कधी बोलले नाहीत, पण रायफल घरात बाहेर काढली की ते बागेत जायचे आणि गरज नसलेल्या झाडांना पाणी घालत बसायचे.

करोना यायच्या आधीच्या हिवाळ्यात काकूंनी रायफलला नवी नळी बसवून घेतली. जुनी झिजली होती. नवी नळी म्हणजे जुनी सगळी उत्तरं बाद, हे मला त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की जणू बक्षीस लागलं होतं. घरात नवं माणूस यावं आणि त्याला काय आवडतं ते पहिल्यापासून शोधावं, तसा तो उत्साह होता. त्यांनी दहा दहाचे गठ्ठे भरले, प्रत्येक गठ्ठ्यात गोळी आधीच्यापेक्षा केसभर आत. पुंगळीच्या बुडाला मार्करने रंग दिले. लाल, निळा, हिरवा, काळा. शनिवारी रेंजवर जायचं ठरलं. त्या शनिवारच्या आतच रेंजला कुलूप लागलं.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. संध्याकाळी सातला इथले पंतप्रधान टीव्हीवर यायचे, काय बंद, काय उघडं त्याची यादी वाचायचे आणि देशभर सगळे पडद्याला नाक लावून बसायचे. काकूंची एक तक्रार असायची. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी, मधे दीड मीटर अंतर ठेवून, त्या मला म्हणायच्या, "केस कापणारे आले, नखं रंगवणारे आले, बिअरवाले आले. आमचं नाव घ्यायला काय जातं त्यांचं? बंद तर बंद म्हणा, पण नाव तरी घ्या!"

हसायचे मी. पण त्यांची अडचण मला खरंच कळत होती. बाकी सगळं त्या घरात करू शकत होत्या. गोळी पिळांना नेमकी कुठे टेकते ते बघायला त्यांनी एक रिकामं काडतूस केलं होतं, ना दारू ना टिकली, गोळी सैल बसवलेली. ते रायफलमध्ये घालून हलकेच मागचा बोल्ट, म्हणजे अडसर, लावायचा, म्हणजे पीळच गोळीला मागे ढकलतात. बाहेर काढायचं, बॅटरीवरच्या व्हर्नियर कॅलिपरने मोजायचं. ते त्यांनी किती वेळा मोजलं असेल देव जाणे. पण हे झालं टेकण्याचं माप. आवडीची जागा त्याच्या किती अलीकडे, हे कागदावरच कळतं, आणि कागद रेंजवर. मी शहाणपणा केला, "काकू, सिम्युलेशन करता येत नाही का?" त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

"अगं, लग्नाच्या मुलाचा फोटो बघून तो घोरतो का ते कळतं का?"

उन्हाळ्यात रेंज उघडली. वेळ आधी बुक करायची, एका वेळी मोजकीच माणसं, मास्क लावायचा हा क्लबचा स्वतःचा नियम. काकांना मोतीबिंदू, म्हणून गाडी मी चालवली आणि पाहुणी म्हणून मागे काचेआड उभी राहिले. काकू टेबलाशी बसल्या. मास्क, त्यावर चष्मा, त्यावर इअरमफ. पहिल्याच श्वासाला चष्मा धुरकट. पुसला, पुन्हा धुरकट. मास्क नाकावर दाबला, चष्मा कपाळावर सरकला. शेजारचा डच गृहस्थ स्वतःचं सोडून त्यांच्याकडेच बघत होता. मला हसू आवरेना. मग त्यांनी श्वास रोखून, चष्मा निवळला की घाईने, अशा गोळ्या झाडल्या. प्रत्येक रंगातली निम्मी काडतुसं संपली. कागद जवळ आले तेव्हा चारही रंगांना कांजिण्या.

"चष्म्याने घात केला," त्या गाडीत म्हणाल्या. "उरलेली पुढच्या वेळी. तोवर मास्कचं काहीतरी करते."

मला ते पटलं. चारही कागद सारखेच वाईट कसे, हा प्रश्न खरं तर माझ्या धंद्यातला होता. पण काकूंचा हात हा आमच्या हिशेबात कधी न बदलणारा भाग होता, त्यामुळे तो मनात आलाच नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर जे झालं ते फक्त काकांच्याच घरी होऊ शकतं. करोनात काकांनी सॅनिटायझरचं खातं स्वतःकडे घेतलं होतं. दुधाच्या पिशव्या, केळी, टपालाची पाकिटं, वर्तमानपत्र, काही सुटायचं नाही. काकू रायफल तिजोरीत ठेवायला वर गेल्या आणि उरलेल्या काडतुसांचा डबा टेबलावर राहिला. बाहेरून आलेला डबा. काकांनी उघडला, एकेक काडतूस सॅनिटायझरच्या फडक्याने चकचकीत पुसलं आणि परत रांगेत लावून ठेवलं. मार्करचा रंग सगळा फडक्यावर.

काकू खाली आल्या आणि डब्याकडे बघत उभ्या राहिल्या. लाल कुठलं, निळं कुठलं, सगळी पितळी भावंडं एकसारखी. काका म्हणाले, "अगं, बाहेरच्या लोकांनी शिंकून ठेवलं असेल त्यावर." काकू चिडल्या नाहीत. एकेक काडतूस उचलून बघत राहिल्या, आणि काकांना त्यांनी चिडायला हवं होतं असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. बागेतलं टेबल, दोन टोकांना आम्ही दोघी. उपाय सोपा होता. प्रत्येक काडतूस पुन्हा मोजायचं, म्हणजे कुठली गोळी किती आत ते कळेल आणि गठ्ठे पुन्हा लागतील. या वेळी खूण करायला नेलपॉलिश आणलं होतं, सॅनिटायझरला दाद न देणारं. आयुष्यात कधी नखं न रंगवलेल्या बाईने सुपरमार्केटातून चार भडक बाटल्या आणल्या होत्या.

त्यांनी पहिलं काडतूस व्हर्नियरच्या जबड्यात धरलं. टकटक आवाज यायला लागला. जबडे पितळेवर वाजत होते. आकडा वाचला, काडतूस खाली ठेवलं, सवयीने पुन्हा मोजलं. वेगळा आकडा. पुन्हा मोजलं, तिसराच.

"बॅटरी संपत आली असेल," त्या म्हणाल्या. आत जाऊन नवी बॅटरी घालून आल्या. पुन्हा टकटक. उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरलं. टकटक थोडी कमी झाली, थांबली नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

मग त्यांनी व्हर्नियर आणि काडतूस माझ्याकडे सरकवलं. दीड मीटर वगैरे विसरून. "तू मोज."

मी मोजलं. तीनदा. तिन्ही वेळा तोच आकडा आला, आणि तो मोठ्याने वाचताना मला रडू यायला लागलं.

"बॅटरी चांगली आहे म्हणजे," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि काल घात चष्म्यानेही केला नव्हता."

त्या दिवशी मी सगळी काडतुसं मोजली. त्या सांगतील त्या रंगाचा ठिपका दिला. आता रंग नवे: गुलाबी, लाल, निळा, हिरवा. मधेच त्या म्हणाल्या, "रायफलला विचारायचं खरं, पण विचारणाराच कापत असेल तर ती काय उत्तर देणार? खोली चुकली का हात हलला, कसं कळायचं?" मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू, थकवा असेल, थंडी असेल. भर उन्हाळ्यात मी थंडी म्हटलं. त्यांनी उगाच मला खोटं पाडलं नाही.

हाउसआर्ट्सने फोनवर ऐकून घेतलं, न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतो म्हणाला. हॉस्पिटलं करोनाच्या पेशंटनी भरलेली. अपॉइंटमेंट पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. हिवाळा आला, रेंज पुन्हा बंद झाली, रात्रीची संचारबंदी आली, आणि घरात दिवसाला एकच पाहुणा असा नियम आला. काकूंचा तो एक पाहुणा मी असायचे. काकांचे भजनवाले मित्र माझ्यावर रुसले होते. मी जायचे आणि करायचे काय, तर त्यांच्या स्वेटरची वरची गुंडी लावून द्यायचे, चहा कपात अर्धाच ओतायचे. दारूचा डबा आता कपाटातून निघत नव्हता. कापत्या हाताने दारू मोजायची नाही, हा निर्णय त्यांनी कुणालाही न विचारता घेतला होता. डबाभर काडतुसं तेवढी शिल्लक होती.

शेवटी नाव कळलं. पार्किन्सन. डॉक्टर चांगला होता, हळू बोलला. काका त्याला इंजिनिअरसारखे प्रश्न विचारत राहिले. काकूंनी एकच विचारला. "पुढे बरा होईल की वाढत जाईल?"

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रेंज उघडली तेव्हा त्या एकदा स्वतः बसून बघायचं म्हणून गेल्या. मी नेलं. मास्क नव्हता, चष्मा स्वच्छ होता. निळ्यातलं एक काडतूस झाडलं, दुर्बिणीतून कागद बघितला आणि बाकीची डब्यात परत ठेवली. वाया घालवायला नकोत म्हणाल्या. परत आलो. दारात उतरताना म्हणाल्या, "मी पोलिसांना कळवलंय. वर्षअखेर लायसन्स परत करते. रायफल विक्रेत्याकडे जाईल."

मी भांडले. खरंच भांडले. इतक्यात कशाला, कोण विचारतंय, तुम्ही काही रस्त्यावर घेऊन फिरणार नाही. काकासुद्धा म्हणाले, "अगं, राहू दे की तिजोरीत. कुणाला खाते ती?" ज्या माणसाने आयुष्यभर रायफल दिसली की बागेचा रस्ता धरला, तो माणूस हे म्हणत होता.

"हात थरथरणाऱ्या माणसाच्या घरात रायफल नसावी," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाबद्दल मी हेच म्हटलं असतं. मग माझ्याबद्दल वेगळं का? आणि कुणी येऊन काढून घेतलेली मला चालणार नाही. मी देणार."



पण एक गोष्ट त्यांना सुटत नव्हती, आणि ती त्यांनी मला स्वच्छ सांगितली. नेम गेला त्याचं त्यांना एवढं नव्हतं. "ती नळी नवी आहे गं. तिला काय आवडतं ते मला कळलंच नाही. चार रंगांपैकी एक बरोबर असणार, मी फार जवळ होते. तेवढं कळू दे, मग जाऊ दे तिला." एवढंच मागणं. कुठला रंग, तेवढं.

उपाय होता, फक्त त्याला काकूंची मान वाकायला हवी होती. क्लबचे अध्यक्ष उत्तम नेमबाज. काकूंच्या समोर, काकूंच्या रायफलमधून, त्यांनी उरलेली काडतुसं झाडली असती तर कागदाने उत्तर दिलं असतं. पण अनेक वर्षं त्या दोघांची चुरस. काकूंना हे सुचायला नव्हे, तोंडातून काढायला पानगळ उलटून गेली. डिसेंबरात एकदाचा फोन केला. मी शेजारी बसले होते, रिसीव्हर कानाशी धरायला. काकू डचमध्ये म्हणाल्या, "माझा हात गेला. तुझा मला उसना दे." मग अध्यक्ष म्हणाले, रविवारी सकाळी या, मी रेंज तुमच्यासाठी लवकर उघडतो.

शनिवारी काकूंनी डबा पुसला, नेम धरायची कागदी कार्डं काढून ठेवली, मला म्हणाल्या, "आधी गुलाबी झाडायला सांगते. मग क्रमाने." काका साबुदाणा भिजत घालत होते, सकाळी खिचडी खाऊन निघायचं म्हणून. त्या दिवशी पत्रकार परिषदेचा वार नव्हता, तरी संध्याकाळी पंतप्रधान टीव्हीवर आले. करोनाचा नवा प्रकार झपाट्याने पसरतोय, म्हणाले. उद्या पहाटेपासून सगळं बंद. नव्या वर्षात पाहू.

काका रिमोट हातात घेऊन उभे होते. त्यांनी आवाज वाढवला, जणू मोठ्याने ऐकलं तर काही वेगळं निघेल. काकू टीव्हीकडे बघतच होत्या. या वेळी पंतप्रधानांनी कुणाचं नाव घेतलं, कुणाचं नाही, यावर त्यांची तक्रार नव्हती. थोड्या वेळाने अध्यक्षांचा फोन आला. वय झालेला तो गृहस्थ फोनवर चक्क माफी मागत होता, जणू देश त्यानेच बंद केला होता. मी काकूंना म्हटलं, लायसन्सची तारीख पुढे ढकला, पोलिसांना सांगा, ऐकतील ते. काकूंनी मान हलवली. लायसन्सची मुदत त्या वर्षाबरोबर संपत होती, आणि ती वाढवायची तर तब्येतीबद्दल कागदावर सही करायची होती. "खोटी सही मी करणार नाही," म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. कुणावर तरी यायला हवा होता.

आता ते शेजारचं घर एका तरुण पोलिश जोडप्याचं आहे. काका-काकू डीमन गावाला गेले, लेकीच्या जवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत. मी अधूनमधून जाते. काकू खिडकीपाशी बसलेल्या असतात, खालून ट्राम जाते ती बघत. हात आता मांडीवर एकमेकांना धरून असतात. बोलणं फार हळू झालंय, कान जवळ न्यावा लागतो. रायफलचा विषय त्या काढत नाहीत, मीही काढत नाही. कुण्या अनोळखी माणसाकडे असेल ती, आणि त्याला तिच्या आवडीची जागा सापडलीही असेल. त्याला मी ओळखत नाही, पण त्याचा मला थोडा हेवा वाटतो.

पण मला काकू आठवतात, रायफल परत केली त्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातल्या. विक्रेता रायफल घेणार होता, भरलेली काडतुसं नाही. दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस कुणी वापरत नाही, ते सोडवून टाकावं लागतं. त्यासाठी हातोडीसारखं एक अवजार असतं. पोकळ डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर ठोकायचं, की धक्क्याने गोळी तोंडातून सुटते आणि दारूसकट अवजाराच्या पोटातच पडते. काकूंच्या हाताने ते होणार नव्हतं. म्हणून मी टेबलाशी, त्या समोर, मधे लाकडाचा ओंडका.

मी ठोकत होते. त्या सांगायच्या, "जोरात, भिऊ नकोस, काही होत नाही." गोळी सुटली की दारू त्या एका वाडग्यात ओतायला लावायच्या, गोळी दुसऱ्या वाडग्यात, पुंगळी तिसऱ्या. गुलाबी संपली. लाल संपली. त्या तेव्हाही रंगाच्या क्रमानेच चालल्या होत्या, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की काकू, आता क्रमाने काय आणि उलटं काय. मी ओरडले नाही, ठोकत राहिले. काका स्वयंपाकघरात नळ सोडून काहीतरी धूत होते. धुण्यासारखं काही नव्हतं तिथे.

निळी संपली आणि हिरवी सुरू झाली. शेवटच्या काडतुसाला त्या म्हणाल्या, "थांब."

मी ते त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते हलत होतं, तळहाताबरोबर. दुसरा हात वर आणून त्यांनी मूठ झाकली, तरी आत ते हलत असणार.

"हिरवं असेल का गं?" त्यांनी मला विचारलं. मला. ज्या बाईने आयुष्यात एकदाही रायफल झाडलेली नाही, तिला.

"असेल काकू," मी म्हटलं. "हिरवंच असेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काही माहीत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हे मला. त्या हसल्या, मग डोळे भरून आले, ते पुसायला त्यांनी हात उचलला, आणि काडतूस निसटून टेबलावर गडगडत माझ्याकडे आलं.

"ठोक," त्या म्हणाल्या.

मी ठोकलं. पहिल्या ठोक्याला सुटलं नाही. दुसऱ्याला सुटलं.